अक्काची बातमी

बातमी घेऊन आलेल्या माणसाला नाना आधी बाकावर बसवत आणि मग त्याची उलटतपासणी घेत. "डोळ्यांनी पाहिलं का कोणी?" हा पहिला प्रश्न. "तू स्वतः पाहिलंस?" हा दुसरा. "मग ज्यानं पाहिलं तो माणूस कुठंय?" हा तिसरा. एवढ्यातून टिकून राहिली तर ती बातमी 'तापीवृत्ता'त जायची. बाकीच्या बिचाऱ्या आल्या पावली परत जायच्या.

'तापीवृत्त' हे जळगावातून निघणारं साप्ताहिक. नाना त्याचे संपादक, मालक, वर्गणी गोळा करणारे आणि वेळ पडली तर अंकांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन स्टेशनावर पोचवणारेही. मी तिथं उपसंपादक होतो. उपसंपादक म्हटलं की लोकांना वाटतं, हाताखाली चार माणसं असतील. कसली चार माणसं! मी, खिळे जुळवणारे दोघं, मशीन चालवणारे गफूरभाई आणि नाना, एवढाच आमचा पसारा. मी मूळचा वाईचा, पण नानांच्या लेखी नाशिकच्या पलीकडचा प्रत्येक माणूस पुण्याचाच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत मी त्यांचा 'पुणेकर' राहिलो. सुरुवातीला राग यायचा. पुढे घरी बायकोसुद्धा तीच हाक मारायला लागली, तेव्हा राग सोडून दिला.

नाना दिसायला कसे होते, तर उंच, वाकलेले, नाक मोठं. कोटाच्या बाहीला शाई. काळी टोपी इतकी मागे सरकवलेली की ती पडत कशी नाही, याचं नवख्याला कौतुक वाटावं. खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. ते स्वतः खायचेच, पण कुणी फार बोलायला लागला की त्याच्या हातावरही मूठभर ठेवायचे. समोरच्याचं तोंड चघळण्यात गुंतलं की नाना आपलं म्हणणं मांडून मोकळे. वकील, मामलेदार, जिनिंगचे मालक, सगळ्यांना मी असं शेंगदाणे खात गप्प बसलेलं पाहिलंय.

खातरी करण्याचा त्यांना अक्षरशः नाद होता. एकदा बोदवडच्या वार्ताहरानं लिहून पाठवलं की तिकडे लिंबाएवढ्या गारा पडल्या. वार्ताहर म्हणजे तिथला एक केशकर्तनकार, माणूस बोलघेवडा. नानांना लिंबाची शंका आली. मी म्हटलं, "नाना, गारा त्या. लिंबाएवढ्या काय आणि बोराएवढ्या काय!" म्हणाले, "कपाशीला फरक पडतो, पुणेकर." आणि सरळ गाडी पकडून बोदवडला गेले. आता गारा काय यांची वाट बघत बसणार होत्या? नाना दिवसभर शेतं तुडवून, बोंडं पाहून, चारचौघांना विचारून घामाघूम होऊन परत आले. अंकात छापलं, 'बोदवड येथे गारा पडल्या. नुकसान मोठे आहे. आकाराविषयी पाहणारांत मतभेद आहे.' ही बातमी वाचून मी पोट धरून हसलो. नाना मात्र गंभीर होते. म्हणाले, "खरं आहे ते छापलंय. तू हस खुशाल."

पत्राची चार पानं. पहिली तीन शिष्ट मराठीत, म्हणजे कौन्सिलातली भाषणं, कापसाचे भाव, कुठे कोणती सभा झाली वगैरे. चौथं पान अहिराणीत. त्याचं नाव 'गावमा', म्हणजे गावात. कुणाकडे लग्न, कुणाला मुलगा झाला, कुणाचा बैल चुकला, कुठल्या विहिरीला पाणी लागलं, आणि कोण वारलं. मी आलो तेव्हा हे चौथं पान बघून मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. छापील कागदावर 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'सगळे'च्या जागी 'बठ्ठा' बघायची माझ्या डोळ्यांना सवय कुठली!

हे पान कसं सुचलं ते नाना मोठ्या हौसेनं सांगत. तरुणपणी ते जिनिंगमध्ये कारकून होते आणि पत्र काढायचं वेड डोक्यात शिरलेलं. पश्चिम खानदेशात मिशनचे लोक एक जुनं छपाईचं यंत्र विकतायत असं कळलं, म्हणून ते बघायला गेले. तिथला पाद्री स्वीडन देशाचा. नाना पोचले तेव्हा तो ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसला होता आणि वाचता वाचता डोळे पुसत होता. नानांना वाटलं, त्यांच्या देशात लढाई लागली की काय! विचारलं तर पाद्री म्हणाला, हे आमच्या राजधानीचं पत्र नव्हे, आमच्या तालुक्याचं आहे. बोटीनं येतं, येईपर्यंत महिने लोटतात. आमच्या शेजारची म्हातारी गेली, ते आज कळलं. आणि मग डोळे कोरडे करून त्यानं नानांना पुढची बातमी वाचून दाखवली, कुणाच्यातरी गाईला जुळी वासरं झाल्याची. त्यावर तो मोठ्यांदा हसला म्हणे. नाना यंत्र घेऊन आले आणि सोबत हे खूळही. "जगाचं वर्तमान देणारे पुष्कळ आहेत रे," ते म्हणायचे, "आमच्या शेजारची म्हातारी गेली हे कोण सांगणार?"

गावात या पानाला विरोध कमी नव्हता. एकदा शहरातली चार प्रतिष्ठित मंडळी कचेरीत आली. त्यांचे पुढारी एक वकीलसाहेब, आमचे जुने वर्गणीदार. म्हणाले, "नाना, पत्र चांगलं आहे, पण शेवटचं पान घरात मुलांच्या हाती द्यायला संकोच वाटतो. त्यांची भाषा बिघडेल." नानांनी सगळ्यांच्या हातांवर शेंगदाणे ठेवले. मग विचारलं, "वकीलसाहेब, तुमचा पक्षकार कोर्टात रडतो तो कोणत्या भाषेत?" वकीलसाहेब म्हणाले, "त्याच्याच." "मग त्याला तुम्ही म्हणता का, की आधी शुद्ध बोल आणि मग रड?" वकीलसाहेब हसले. पान राहिलं आणि वकीलसाहेबांची वर्गणीही राहिली. पुढे मला कुणीतरी सांगितलं की ते स्वतः आधी चौथंच पान उघडतात.

आमच्या कचेरीची एक रीत मी दुसऱ्या कुठल्या वर्तमानपत्रात पाहिली नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी, छपाईच्या आधी, नाना 'गावमा'चं कच्चं मुद्रित घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसत आणि मोठ्यांदा वाचत. बाजारासाठी आधीच येऊन पडलेले गाडीवान, दोरखंडवाले, मिरच्या विकणाऱ्या बाया, सगळे भोवती जमत. कुणी म्हणे, "तो बैल सापडना, नाना," म्हणजे सापडला, की लगेच बैलाची बातमी कापली. कुणी म्हणे, "त्या पोऱ्यानं नाव असं नही." की नाव बदललं. कधी ऐकणाऱ्यांतच जुंपायची आणि नाना मधे पडून दोघांवरही ओरडायचे. मी आत बसून कपाळाला हात लावायचो, कारण छपाईला उशीर व्हायचा. पण असं चाळून गेलेलं पान गावोगाव पोचलं की लोक डोळे मिटून त्यावर विसंबत. गावचा मास्तर पारावर वाचायचा. मरणाची बातमी आली की त्या घराशी नातं असलेला माणूस तिथूनच उठून गाडी जुंपायला जायचा. "कागदमा वनं म्हंजे खरं शे," कागदात आलं म्हणजे खरं, असं म्हणायची पद्धतच पडली होती. ही पद्धत म्हणजे नानांची सगळी कमाई. दुसरी काही त्यांनी केली नाही.

आणि याच कमाईवर एक दिवस कावळा येऊन बसला.

खानदेशात एक समजूत आहे. माणसाच्या डोक्यावर कावळा बसला, म्हणजे कावळा शिवला, की त्याचं मरण जवळ आलं असं धरतात. त्यावर उताराही आहे. तो माणूस मेला, असा खोटा निरोप त्याच्या नातेवाइकांना धाडायचा. ते रडले की आलेलं मरण फसतं आणि माघारी जातं. मग खरं काय ते सांगायचं, सगळे हसतात, जेवतात, आणि त्या माणसाचं आयुष्य वाढलं असं समजतात. 'तापीवृत्ता'चा बोलबाला झाल्यावर लोकांना वाटायला लागलं, निरोप्या कशाला, नानांच्या कागदातच द्यावं! असे लोक यायचे. नाना त्यांना शेंगदाणे द्यायचे आणि हाकलून लावायचे. या समजुतीविरुद्ध त्यांनी अग्रलेखच्या अग्रलेख लिहिले होते. मला वाटतं, त्या बापड्या कावळ्याइतका पत्रात दुसऱ्या कुणालाच मार बसला नसेल.

अक्का ही नानांची थोरली बहीण. नानांची आई लवकर गेली, तेव्हा अक्कानं त्यांना कडेवर वाढवलं. लग्न होऊन धरणगावजवळच्या एका खेड्यात गेली तरी भावाला घेऊनच गेली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. अंक आला की ती तो मांडीवर घ्यायची, हात फिरवायची आणि शेजारणींना सांगायची, "मन्हा दामूना कागद शे." सत्तरी गाठलेल्या बाईचा धाकटा भाऊ म्हणजे तोही म्हाताराच, पण तिच्या तोंडी नाना शेवटपर्यंत दामूच.

ही अक्का एक दिवस धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. धाबं म्हणजे तिकडच्या मातीच्या घरांचं सपाट छप्पर. तिथं कावळा आला आणि बिबडे सोडून नेमका तिच्या डोक्यावर बसला. अक्का खाली उतरली आणि तिनं अंथरूणच धरलं. डॉक्टरनं तपासलं, त्याला काही सापडेना. तिचा मुलगा सुपडू जळगावला आला आणि कचेरीच्या दारातच रडायला लागला.

"मामा, माय जेवत नही. पानी बी लेत नही."

"निरोप धाड चार ठिकाणी," नाना म्हणाले. स्वतःच्या अग्रलेखांच्या विरुद्ध त्यांनी एवढं म्हणून टाकलं, हेच मला विशेष वाटलं.

"ती नको म्हणस." सुपडूनं नाक पुसलं. "म्हणस, मानूसना तोंडनं कोनी खरं मानाव नही. दामूना कागदमा येऊ दे."

ज्या पत्रानं कधी खोटं छापलं नाही, त्यातलंच खोटं मरणाला फसवू शकेल, असा अक्काचा हिशेब होता. तो चुकला असंही म्हणता येईना. सुपडूला त्यांनी रिकाम्या हातानं परत पाठवलं आणि मग स्वतःच जेवेनासे झाले. मुद्रितं तशीच पडून. मी काही विचारलं की "बघू" म्हणायचे. सुपडू पुन्हा आला. आता अक्का डोळेही उघडत नव्हती.

पुढं जे झालं ते मला नानांनीच मागाहून सांगितलं. ती दुपार छपाईची, ओट्यावरचं वाचन उरकलेलं. जुळारी जेवायला गेलेले, मी कोर्टात बातमीसाठी गेलेलो. नानांनी मनाशी तोड काढली होती. एकच प्रत छापायची, अक्काला दाखवायला. सगळे रडले असं सुपडूनं तिला सांगायचं. म्हणजे खोटं फक्त अक्काशी, वाचकांशी नाही. दंतमंजनाच्या जाहिरातीच्या जागी त्यांनी स्वतःच्या हातानं अक्काच्या मरणाच्या चार ओळी जुळवल्या. दुसऱ्या कुणाला हे पाप करायला लावायचं नाही म्हणून कुणाला बोललेही नाहीत. एक प्रत काढली, कोटाखाली घातली. आता त्या ओळी काढून मंजन परत बसवायचं. तेवढ्यात सुरतेकडच्या पॅसेंजरची वेळ झाल्याचं लक्षात आलं आणि ते धावत सुटले. दारात गफूरभाई जेवून परत येत होते. नाना कित्येक वर्षं कचेरीतून बाहेर पडताना एकच वाक्य बोलत, तेच या वेळीही तोंडातून निघून गेलं. "हां गफूरभाई, चालू द्या!"

गफूरभाईंनी चालू दिलं. सगळी आवृत्ती छापली, बांधली आणि संध्याकाळच्या गाडीनं गावोगाव रवाना केली.

इकडे नानांना कशाचा पत्ता नाही. त्यांनी अक्काच्या उशाशी बसून चार ओळी वाचून दाखवल्या. अक्कानं डोळे उघडले. कागदावर हात फिरवला.

"कोन कोन रडनं?" तिनं विचारलं.

"बठ्ठा रडनात, माय," सुपडू म्हणाला.

"माले तं आयकू वनं नही," अक्का म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटून पडली.

आता काय करायचं! दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-भाचे तोंड पाडून ओट्यावर बसले होते, तर गावाच्या शिवेवरून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. एक गाडी आली. तिच्या मागे दुसरी. मग पायी चालत येणारे. धरणगावचे, एरंडोलकडचे, गिरणेपलीकडचे, सगळे डोक्याला हात लावून येतायत. नाना म्हणायचे, "मला आधी वाटलं, गावात खरंच कुणी गेलं. मग माझ्या लक्षात आलं, मंजन!"

त्या मंडळींत सुपडूची आत्या होती, गंगूआत्या. अक्काची नणंद. एका जात्याच्या वाटणीवरून या दोघींनी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. आणि रडण्यात गंगूआत्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तिनं अंगणातच बसकण मारली आणि सूर लावला, "वं मन्ही भावजई, मी तुन्हासंगे कसाले बोलनू नही वं!"

घरातून आवाज आला, "मंग बोल. मी जित्ती शे."

अक्का उंबऱ्यात उभी होती. भिंतीला धरून, पण उभी. गंगूआत्याचा सूर मधेच तुटला. मग ती उठली आणि तिनं अक्काला आधी दोन शिव्या घातल्या, नंतर मिठी. बाकीच्यांना कावळ्याचं सांगितल्यावर काही चिडले, बरेचसे हसले. एकानं तर सांगितलं की आपण वाटेत बैलाला उगाच मारलं, आता त्याची माफी मागायला हवी. अक्कानं चूल पेटवायला लावली. वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, अंगणात पंगत बसली आणि अक्का सगळ्यांच्या आधी जेवली. जेवता जेवता सुपडूला विचारत होती, कोण किती रडलं. नाना मात्र गोठ्यात बैलांशेजारी डोकं धरून बसले होते. कुणी बोलावलं तरी आले नाहीत.

जळगावला परत आले ते सरळ कचेरीत. गफूरभाई हात जोडून उभे. म्हणाले, "नाना, मशीनची गलती झाली, असं छापू आपण. माझं नाव टाका." नाना म्हणाले, "मशीन कधी खोटं बोललंय का, गफूरभाई?" आणि पुढच्या अंकात, पहिल्या पानावर, अग्रलेखाच्या जागी त्यांनी छापलं, 'गेल्या अंकातील आमच्या भगिनींच्या निधनाची बातमी खोटी आहे. ती संपादकाने जाणूनबुजून स्वतःच्या हाताने जुळवली. यात यंत्राचा किंवा कामगारांचा दोष नाही. भगिनी खुशाल आहेत. संपादक वाचकांचा अपराधी आहे.' मी म्हटलं, "नाना, एवढं कशाला? पत्र बुडेल." म्हणाले, "बुडायचं तर खरं छापून बुडू दे."

हे निवेदन त्यांनी ओट्यावर स्वतः वाचलं. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी दाराशी उभा होतो. मला खरंच भीती वाटत होती की कुणी उठून अंक तोंडावर फेकेल. वाचून झालं. मग एक म्हातारा दोरखंडवाला म्हणाला,

"मंग अक्का जेवनी का?"

"जेवनी," नाना म्हणाले.

"काय जेवनी?"

"वरण-बट्टी."

"मंग बेस व्हयनं," म्हातारा म्हणाला आणि सगळे बैलाच्या बातमीकडे वळले. आता नाना खवळले. "अरे, मी तुमच्याशी खोटं बोललो! चिडा ना कुणीतरी!" मिरचीवाली बाई म्हणाली, "नाना, बहीण शे ती." एवढ्यावर विषय संपला. नाना आत येऊन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "पुणेकर, या लोकांचं काय करावं!" पण बऱ्याच दिवसांनी त्यांनी शेंगदाण्यांचा खिसा चाचपला, ते मी पाहिलं. बरं वाटलं मला.

तरीही काही बदललंच. कावळे शिवलेले लोक पुन्हा येऊ लागले, "अक्काचं छापलंत, मग आमच्या बापाचं का नही?" आणि खरं मरण छापलं तरी क्वचित कुणी पारावरून म्हणायचा, "कावया तं नही ना?" नानांच्या कानावर हे आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांनी मरणाच्या प्रत्येक बातमीखाली, ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याचं नाव छापायला सुरुवात केली. पूर्वी याची गरज पडत नव्हती, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

पुढे लढाई सुरू झाली, कागद मिळेनासा झाला. चार पानांची दोन झाली. नानांनी अग्रलेख काढून टाकला, कौन्सिल काढून टाकलं, 'गावमा' तेवढं ठेवलं. वकीलसाहेब पुन्हा आले, या वेळी हे पान बारीक टाइपात का होईना पण पूर्ण छापा, अशी विनंती करायला. नाना त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवायलाही विसरले, इतके खूष झाले.

आणि मग अक्का खरोखरच गेली. लढाई संपून गेली होती, स्वराज्य येणार येणार म्हणून गावात रोज सभा होत होत्या. कुठला कावळा नाही, काही नाही. जेवली, पडली आणि गेली. सुपडूनं माणूस धाडला. नाना आणि मी दोघंही गेलो. जवळच्या मंडळींत अंत्यसंस्कार झाले. लांबच्यांना दहाव्यासाठी कळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसून अंकासाठी चार ओळी लिहिल्या. खाली लिहिलं, 'डोळ्यांनी पाहणारा' आणि माझंच नाव घातलं. कागद नानांच्या हाती दिला. त्यांनी वाचला आणि परत केला.

"ही बातमी आपण छापलीय, पुणेकर."

"नाना, ती खोटी होती!"

"म्हणून तर," ते म्हणाले. "आता छापली तर कुणी हसेल. एखादाच हसेल, पण हसेल. अक्काच्या मरणावर कुणी हसलेलं मला चालणार नाही. मी जाऊन सांगतो."

"एवढ्या गावांना? या वयात?"

"मीच बिघडवलं ते," ते म्हणाले. सुपडूला बैलांची दमणी जुंपायला सांगितली. टोपी घातली नाही.

पहिलं गाव गंगूआत्याचं, गिरणेपलीकडे. मला तिथून गाडी पकडून जळगावला अंक काढायला जायचं होतं, म्हणून मी बरोबर निघालो. रस्ताभर नाना ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होते. काय सांगायचं, त्याचं वाक्य असावं. आयुष्यभर त्यांनी अशी वाक्यं दुसऱ्यांसाठी छापली होती.

गंगूआत्या अंगणात तीळ पाखडत होती. नानांना बघून तिला मोठा आनंद झाला. पुष्कळ म्हातारी झाली होती, पण आवाज तसाच खणखणीत. "या नाना, या! आज कसा रस्ता चुकनात? परत कावया शिवना का तिले?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली. हसत हसतच आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

नानांनी तोंड उघडलं, पण जुळवलेलं वाक्य काही बाहेर येईना. तिनं तांब्या पुढं केला. खानदेशात मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी घेत नाही. नानांनी हात मागे घेतला.

गंगूआत्या बघत राहिली. त्यांच्या उघड्या डोक्याकडे, त्या मागे घेतलेल्या हाताकडे. तांब्या तिनं हळूच खाली ठेवला.

"खरं शे?"

नानांनी मान हलवली. आणि मग ते तिच्या उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यांदा रडले. त्या खोट्या बातमीच्या वेळी सगळा खानदेश रडला होता, एकटे नाना तेवढे गोठ्यात बसले होते. ते सगळं राहिलेलं रडणं तिथं निघालं. गंगूआत्या त्यांच्या शेजारी बसली, पण तिनं सूर लावला नाही. नुसती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

थोड्या वेळानं ती उठली. तीळ आत नेऊन ठेवले, डोक्यावर पदर घेतला आणि दमणीच्या मागच्या बाजूला हात टेकून वर चढायला लागली. सुपडू म्हणाला, "आत्या, तू कथा निंघनी? लांब जानं शे. बठ्ठा गावे फिरनं शे."

"मी येस," ती म्हणाली. "या एकलावर कोन भरोसा ठेवी?"

नाना तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग रडता रडताच हसले, आणि सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

मी स्टेशनच्या वाटेला लागलो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा दमणी नदीच्या उताराला लागली होती. उघड्या डोक्याचे नाना पुढे, त्यांच्या शेजारी ती म्हातारी. पलीकडचं गाव दिसायला लागलं असावं, कारण तेवढ्यात तिनं पहिला सूर लावला. तो इतका खरा होता की पलीकडच्या काठावर कापूस वेचणाऱ्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.